गरम आहे तोवर खा

शरदचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलेलं होतं. शरद माझा पुतण्या, माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, वैनीसाहेबांचा मुलगा. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं, तरी मला हलता येईना. वैनीसाहेबांचं वय झालं होतं, सगळं मान्य. पण माणूस पिकलं म्हणून गळताना दुखत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कधी साठ-सत्तर वर्षं एकाच जावेबरोबर संसार केलेला नसतो. फोन ठेवला, ओटा पुसला आणि मग रडले. आता महिना उलटून गेला आहे, म्हणून लिहायला बसले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलणारच आहे मी. पण आधी सांगून टाकते, की वैनीसाहेब हट्टी होत्या, माझ्या हातच्या भाकरीला आयुष्यभर नावं ठेवत होत्या, आणि त्यांना एक विचित्र खोड होती. घरात कुठे ठिणगी पडायला आली, भावाभावांत आवाज चढला, एखादी सून ओठावर आलेलं बोलून टाकणार असं दिसलं, की या स्वयंपाकघरातून काहीतरी वाफाळतं घेऊन येत आणि त्या माणसाच्या पुढ्यात आदळत. "गरम आहे तोवर खा. बोलायचं ते गार झाल्यावर बोल." खाणारा खायला लागे, तोवर शब्द घशाखाली उतरलेला असे. नवीन सुनांना वाटायचं, सासूबाईंना आपल्या स्वयंपाकाचा भारी अभिमान. ही खोड कुठून आली ते फक्त मला माहीत होतं, कारण ज्या दुपारी ती लागली, त्या दुपारी मी तिथे होते.

स्वातंत्र्यानंतरचे, मध्यभारत राज्याचे दिवस होते. संस्थान विलीन झालं होतं, राजधानी कधी ग्वाल्हेरला तर कधी इंदुरात, आणि आमच्यासारख्या दरबारी चाकरीतल्या मराठा घरांना आपण नेमके कुठे आहोत तेच कळत नव्हतं. माझे थोरले दीर, दादासाहेब, संस्थानच्या फौजेत कॅप्टन होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांना आफ्रिकेच्या वाळवंटात धाडलं होतं. तिथून धडधाकट परत आले आणि इकडे फौजच मोडली. नव्या फौजेत काहींना घेतलं, काहींना नाही, दादासाहेब नाहीतल्यांत. सरकारी बंगली सोडून आम्ही सगळे जुन्या इंदुरात भाड्याच्या घरात आलो. दादासाहेब रोज दाढी करून, बुटांना पॉलिश करून ओसरीवर बसत. कुठे जायचं नसे. त्या चकचकीत बुटांकडे बघवत नसे मला.

घर चालायचं ते सासूबाईंच्या, म्हणजे आईसाहेबांच्या शब्दावर. आईसाहेब वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला जागा होती. मटण परसातल्या चुलीवरच शिजायचं, तेही पुरुषांनी शिजवायचं. सुनांचा गोषा होता. परका पुरुष ओसरीवर आला, की वैनीसाहेब माजघराच्या पडद्यामागे. मी शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे माझा गोषा आपोआपच गळून पडला होता, आणि त्याबद्दल मला आठवड्यातून एकदा तरी ऐकून घ्यावं लागायचं. आणि सगळ्यांत वरची जागा होती खंडोबाच्या तळीची. चंपाषष्ठीला ताम्हणात नारळ, विड्याची पानं, भंडारा ठेवून घरातले पुरुष ती तळी उचलत. पहिला हात थोरल्या मुलाचा. आईसाहेब स्वतः त्याच्या कपाळी भंडारा लावत. फौज गेली, बंगली गेली, तरी तळीचा तो पहिला हात दादासाहेबांकडे राहिला होता. माणसाला उभं राहायला तेवढीच जमीन उरली होती, म्हणा ना.

कार्तिक सरत आला होता. एका संध्याकाळी महूच्या छावणीतून एक जवान सायकलवर आला आणि ओसरीवर, आईसाहेबांच्या देखत, खणखणीत आवाजात सांगून गेला, "मेजर लोबो साहब परसों दोपहर को आएँगे. बोले हैं, रेगिस्तानवाला गरम सँडविच तैयार रखना." मेजर लोबो म्हणजे वाळवंटातले दादासाहेबांचे सोबती. आता त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्यांनी शिफारस केली तर नव्या राज्यात दादासाहेबांना काही जागा मिळेल, ही आशा घरात सगळ्यांना होती. दादासाहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला. आईसाहेबांनी विचारलं, "हे काय असतं रे?" ते म्हणाले, "पावात घातलेलं मांस, आईसाहेब. वर वितळलेलं चीज." "मग घाबरतोस काय असा? बोकड आणतोच आपण रविवारी. उद्या आण."

रात्रीची भांडी आवरताना वैनीसाहेबांनी माझं मनगट धरलं. "सुमन, कोणाला सांगणार नाहीस ना? तिकडे ते बोकडाचं नव्हतं." रसद तुटली होती, माणसं उपाशी होती, आणि गोऱ्यांच्या मेसमधले डबे हाताला लागले होते. दादासाहेबांनी डब्यावरचं वाचलं होतं, गाईचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. आधी आपल्या माणसांना विचारलं; ज्यांनी नको म्हटलं त्यांना त्यांनी बिस्किटं दिली, ज्यांनी हो म्हटलं त्यांना ते तव्यावर परतून, चीज लावून खाऊ घातलं, आणि शेवटी स्वतःही खाल्लं. परत आल्यावर त्यांनी हे फक्त बायकोला सांगितलं होतं. लोबोंना यात लपवण्यासारखं काय आहे हे कळणारच नव्हतं. ते ख्रिस्ती, त्यांच्या दृष्टीनं ती आपल्या मित्राच्या मोठेपणाची गोष्ट. आणि ते बेळगावचे, मराठी अस्खलित. आईसाहेबांसमोर हौसेनं सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत. "आईसाहेबांना कळलं, तर तळीला हात लावू देणार नाहीत यांना," वैनीसाहेब म्हणाल्या. "आणि हे काही बोलायचे नाहीत गं. नुसते बूट घालून बसून राहतील... आणि एक दिवस निघून जातील कुठेतरी." हे शेवटचं त्या अगदी हळू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परसात तालीम झाली. दादासाहेबांनी रानाचे, म्हणजे बोकडाच्या मांडीचे, पातळ काप काढले, वैनीसाहेबांनी ते पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचून चपटे केले, मीठ, मिरपूड आणि कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवले. "तवा तापू दे. अजून. धूर निघाला पाहिजे," दादासाहेब कवायतीच्या आवाजात म्हणत होते. मांस तव्यावर पडलं की चर्र आवाज झाला पाहिजे, नाहीतर पाणी सुटतं. बाजूला उभा चिरलेला कांदा लालसर होईपर्यंत परतायचा. काप उलटला की त्यावर चीज पसरायचं आणि झाकण ठेवायचं. चीज महूच्या दुकानातून डब्यात आलं होतं. आईसाहेबांनी त्याचा वास घेतला आणि विचारलं, "हा साबण आहे का?" दूध नासवून करतात म्हटल्यावर तर त्यांनी कपाळाला हातच लावला. "दूध नासलं तर आपण लपवतो, आणि हे डब्यात भरून विकतात!" वैनीसाहेबांनी ते विळीवर किसलं. पाव मात्र फुगून राहायचा, आतलं सगळं सुटं व्हायचं. तेव्हा त्यांना आपली इस्त्री आठवली. आमच्याकडे पितळी तांब्यात निखारे घालून कपड्यांवर फिरवायचे. त्यांनी तोच तांब्या चिमट्यानं धरून लोणी लावलेल्या पावावर दाबला. पाव खमंग भाजला, चपटा झाला, चीज कडेनं ओघळलं. दादासाहेबांनी एक घास खाल्ला आणि डोळे मिटून बसले. चांगलं झालंय की वाईट, ते विचारायची आम्हा दोघींनाही हिंमत झाली नाही.

बेत साधा होता. दादासाहेब महूच्या रस्त्यावर जाऊन उभे राहणार, जीप थांबवणार, लोबोंना वाटेतच सांगणार. ते जेवणं आटोपून गेले. वैनीसाहेबांनी आईसाहेबांकडून शेगडी बाजूच्या पडवीत, माजघराच्या पडद्याला लागून ठेवायची आणि त्या दिवसापुरतं मांस स्वतः परतायची परवानगी काढली होती. गार झालं तर चीज आखडतं, हे कारण. खरं कारण, तिथून ओसरीवरचं बोलणं ऐकू यायचं. आणि मग जीपचा आवाज आला. मी धावत बाहेर गेले. जीपमधून धिप्पाड मेजर लोबो उतरले, आणि त्यांच्याबरोबर दादासाहेब नव्हते. ड्रायव्हर कुठून तरी दुसऱ्याच रस्त्यानं, विचारत विचारत, गल्लीबोळांतून आला होता. दादासाहेब तिकडे ऊन खात उभे, आणि इकडे लोबो आईसाहेबांच्या पाया पडून त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलेसुद्धा.

पडद्याआडून वैनीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते डोळे मी विसरणार नाही. "हे कुठे आहेत?" एवढंच विचारलं त्यांनी. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी निखाऱ्यांना पंख्यानं वारा घालायला सुरुवात केली.

पहिलं सँडविच घेऊन मी गेले. लोबोंनी वास घेतला, मोठ्यानं हसले. "अगदी तस्संच की ओ! आई, काय सांगू तुम्हाला, तुमच्या पोरानं तिकडं..." "आधी खाऊन घ्या ना," मी म्हटलं. त्यांनी घास घेतला, तोंड भाजलं, हा-हू करत खाल्लं. मी दुसरं आणायला वळले, तोवर यांचं सुरू, "रसद नव्हती, वाळूत भाजून निघालो होतो..." मी पळतच दुसरं आणलं. मला इंग्रजी येत होतं, म्हणून वाकून बशी ठेवताना हळूच म्हटलं, "मेजर, प्लीज, डोन्ट टॉक अबाउट दॅट..." त्यावर ते भले गृहस्थ केवढ्यांदा म्हणाले, "अहो बाई, मराठीत बोला की ओ, आईंना कळू दे!" आईसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आता मी काहीही बोलले असते, तरी आम्ही काहीतरी लपवतोय अशी दवंडीच ती. मनात खंडोबाचा धावा सुरू केला, आणि मग आठवलं, की भानगड त्याच्याच तळीची आहे. तो तरी कोणाची बाजू घेणार?

लोबो खुर्चीत पुढे सरकले. आवाज हळवा झाला होता त्यांचा. "आई, तुमच्या पोरानं गोऱ्यांच्या मेसमधनं डबे पैदा केले. तव्यावर परतलं, असंच, चीज लावून. आधी आम्हाला घातलं, मग स्वतः. आमच्यातले किती जण त्यामुळं जगले. आणि त्या डब्यात काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

पडदा सरकला.

वैनीसाहेब बाहेर आल्या. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईचं नख कोणा परक्यानं पाहिलं नव्हतं, ती पदर कपाळावर ओढून, एका हातात सांडशीनं धरलेला तवा, दुसऱ्या हातात उलथनं, अशी ओसरीच्या मध्यावर येऊन उभी राहिली. तव्यावरचं सँडविच त्यांनी सरळ लोबोंच्या बशीत टाकलं. चीज अजून उकळत होतं. "गरम आहे तोवर खा," त्या म्हणाल्या. "बोलायचं ते गार झाल्यावर." लोबो दचकून उभे राहिले. त्यांनी त्या तव्याकडे पाहिलं, मग वैनीसाहेबांच्या पावलांकडे, मग आईसाहेबांकडे. खाली बसले आणि मुकाट्यानं खायला लागले. त्यांना समजलं होतं.

वैनीसाहेब आत गेल्या. ओसरीवर फक्त चावण्याचा आवाज. मला वाटलं, सुटलो. आणि आईसाहेब म्हणाल्या, "काय होतं डब्यात?"

लोबोंनी घास गिळला. वेळ लावून गिळला. "आठवत नाही बघा, आई," ते म्हणाले. "भूक लई लागलेली. तुमच्या पोरानं आधी आम्हाला घातलं, तेवढंच आठवतंय." आईसाहेब त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पडद्याकडे. "अजून एक घ्या," म्हणाल्या.

दादासाहेब आले ते धुळीनं माखलेले, धापा टाकत. दोघा मित्रांनी मिठी मारली, पण दादासाहेबांचे डोळे आईच्या चेहऱ्यावर. त्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. लोबो निघाले तेव्हा टोपी काखेत घेऊन पुन्हा आईसाहेबांच्या पाया पडले, "काही चुकलं असेल तर पदरात घ्या." त्यांनी शिफारस केली, पण ती जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. दादासाहेब पुढे एका कारखान्याच्या फाटकावर अधिकारी म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले.

पण ते नंतरचं. त्या दुपारनंतर चंपाषष्ठीपर्यंतचे दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. आईसाहेब वैनीसाहेबांशी बोलेनात. गोषा मोडला म्हणून, की आणखी कशासाठी? कोणाला विचारणार? वैनीसाहेब दोनदा वरणात मीठ घालायला विसरल्या, जे त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं. दादासाहेब आईसमोर जाऊन उभे राहात, ओठ हलत, पण आईसाहेब लगेच काहीतरी काम सांगत. "जा, दिव्याची वात बघ." "जा, गड्याला हाक मार." एकदा तर त्यांनी "आईसाहेब, मला तुम्हाला..." इतकं म्हटलंसुद्धा. त्या तडक उठून देवघरात गेल्या आणि मोठ्यानं स्तोत्र म्हणू लागल्या. मला राग आला होता त्यांचा. वाटलं, ही बाई षष्ठीच्या दिवशी सगळ्यांसमोर करणार आहे जे करायचं ते.

षष्ठीला ताम्हण भरलं. नारळ, पानं, भंडारा. भाऊबंद जमले होते. दादासाहेब मागे, दाराला टेकून उभे. कोणी पुढे ये म्हणेना, ते येईनात. माझा नवरा, म्हणजे धाकटा, गोंधळून आईकडे बघत होता. पहिला हात त्याला लावायला सांगितला असता, तर त्या गरिबाला ते आयुष्यभर पेललं नसतं. आईसाहेबांनी भंडाऱ्याची वाटी हातात घेतली, सगळ्यांवरून नजर फिरवली. वैनीसाहेबांनी माझ्या दंडात नखं रुतवली होती. "दादा," आईसाहेब म्हणाल्या, "पुढे हो. ताम्हण जड आहे." आणि त्यांच्या कपाळी भंडारा असा चोळला, की पिवळी भुकटी मिशांवर, सदऱ्यावर, अनवाणी पावलांवर पडली. तळी उचलली गेली, "सदानंदाचा येळकोट" झाला. दादासाहेब रडत होते. भंडारा डोळ्यांत गेला, असं नंतर सांगत राहिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी आईसाहेब अंथरुणाला खिळल्या. वैनीसाहेब त्यांचे पाय चेपत होत्या, मी औषध मोजत होते. एकदम म्हणाल्या, "थोरले, तू तवा घेऊन बाहेर आलीस ना, तेव्हाच मला कळलं डब्यात काय होतं. त्याशिवाय तू येतीस का उंबऱ्याबाहेर?" वैनीसाहेबांचे हात थांबले. "दादाला विचारलं नाही मी. विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता. आणि खरं बोलला असता, तर तळी काढून घ्यावी लागली असती मला. माझ्या हातानं..." मग त्यांनी विचारलं, "उपाशी होती ना गं पोरं तिकडे?" वैनीसाहेब म्हणाल्या, "हो, आईसाहेब." "मग झालं," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. ज्या बाईला मी कठोर म्हणत आले, तिनं स्वतःच्या देवासमोर एवढं मोठं ओझं एकटीनं उचललं होतं, आणि हू की चू केलं नव्हतं.

वैनीसाहेबांना मी शेवटची भेटले ती त्या जायच्या थोडे दिवस आधी. हल्ली शरदकडे सँडविच म्हणजे विजेच्या यंत्रात टाकायचं आणि बटण दाबायचं, पण तो पितळी तांब्या त्यांच्या खोलीच्या खिडकीत अजून होता. बूड काळंकुट्ट. घासू देत नसत कोणाला. नातवंडं आसपास नव्हती, म्हणून मी विचारलं, "वैनीसाहेब, तो लोबोंचा किस्सा लिहून टाकू का हो? आपल्या मागे कोणाला कळायचा नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला. मग खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "तो तांब्या गार झालाय का बघ."

मी उठले, खिडकीपाशी गेले आणि खरंच त्याला हात लावून पाहिला.